परत मिळालेला एक तास

काल रात्री झोपताना ओव्हनचं घड्याळ एक तास मागे केलं. फोन, लॅपटॉप, टीव्ही यांना काही सांगावं लागत नाही, ते आपले आपण शहाणे असतात. उरतात तीन अडाणी : ओव्हन, हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ आणि गाडी. पैकी गाडीचं मी दरवर्षी आळसाने तसंच ठेवतो. मार्चमध्ये ते आपोआप बरोबर येतं :-)

मी न्यू जर्सीत आलो २००७ च्या ऑगस्टमध्ये. त्याच वर्षापासून घड्याळ मागे करायचा दिवस ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारवरून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारवर गेला. म्हणजे हा नियम आणि मी इथे एकाच वयाचे. एकोणीस 'फॉल' झाले, पण दरवर्षी पहिला लाल मेपल दिसला की गाडी हळू होतेच. आपल्याकडची पानगळ म्हणजे शिशिर, करडी आणि कोरडी. इथे झाडं आधी नटतात, मग गळतात. दिवस लहान व्हायला लागले की झाड हिशोब आवरतं घेतं. पानातलं हरितद्रव्य मोडून कामाचं तेवढं आत ओढून घेतं. इतके दिवस हिरव्याखाली झाकलेला पिवळा रंग तेव्हा कुठे दिसायला लागतो. लाल मात्र बऱ्याच झाडांत नव्याने तयार होतो, जाता जाता. मग देठाशी एक पडदा धरतो आणि पान सुटतं. वाऱ्याचा धक्का फक्त निमित्ताला.

आणि मग येतो आजचा रविवार. पहाटे दोनला घड्याळ परत एकवर. एक ते दोन हा तास दोनदा येतो. बाकीच्या जगाला एक तास जास्त झोप, आमच्या जमातीला धडधड. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी रात्री दीड वाजता चालणारा एक जॉब लिहिला होता, ग्राहकांना पैसे भरायची आठवण करणारा. लिहिला स्थानिक वेळेवर. नोव्हेंबरमध्ये दीड दोनदा वाजले आणि सगळ्यांना दोन-दोन ईमेल गेल्या. सोमवारी सकाळी माझं जे काही झालं ते झालं. तेव्हापासून एक गोष्ट पक्की डोक्यात बसली : साठवताना वेळ एकच, यूटीसी. दाखवताना ज्याची त्याची.

खरं तर हे मला कॉलेजच्या आधीच माहीत होतं. बाबा भूगोलाचे मास्तर. साताऱ्याच्या घरात लाइट गेले की टॉर्च आणि मोसंबं घेऊन बसायचे. मोसंब्यात आईची विणायची सुई आरपार. "हे फिरतंय, टॉर्च नाही." एक अंश म्हणजे चार मिनिटं. आपली भारतीय वेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, म्हणून साताऱ्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात साडेबाराच्या आसपास झालेले असतात. मुंबई १९५५ पर्यंत स्वतःची वेगळी वेळ धरून बसली होती. आणि अमेरिकेचं सोड, १९४२ ते ४५, युद्धात, आपल्याकडेही घड्याळं तासभर पुढे केली होती. हे त्यांना आजोबांनी सांगितलेलं.

त्यामुळे मी इकडे आलो तेव्हा वेळेचा हिशोब आपोआप बाबांकडे गेला. रविवारी सकाळी साडेनऊला माझा फोन. तिकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात, हिवाळ्यात आठ. नोव्हेंबर आला की बाबाच आदल्या आठवड्यात सांगायचे, "पुढच्या रविवारी तुमचं घड्याळ मागे. आम्ही आठला बसतो." मार्चमध्येही तेच. २०२२ मध्ये सिनेटने घड्याळबदल बंद करायचं विधेयक मंजूर केलं, तीही बातमी मला त्यांनीच दिली. (पुढे प्रतिनिधिगृहात ते अडकलं, म्हणून आज हे लिहितोय.)

गेल्या रविवारी ते काही बोलले नाहीत. माझ्या लक्षातही आलं नाही.

आज मस्त झोप काढून, चहा घेऊन साडेनऊला फोन लावला. एरवी पहिल्या रिंगला बाबा. आज आईने उचलला. "आला हो त्याचा फोन," ती आत बघून म्हणाली. मग बाबा आले. "अरे, तासभर बसलोय. तब्येत बरी आहे ना?"

"बाबा, आज आमचं घड्याळ मागे गेलं ना."

ते थांबले. मग म्हणाले, "हो हो. नोव्हेंबरचा पहिला रविवार. दोनला एक." पाठ म्हणावा तसं. आणि जरा वेळाने, "मग आता तुमच्याकडे किती वाजले?"

अठरा वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता.

नंतर आई फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. "हल्ली होतं असं कधी कधी. परवा दुधाचे पैसे दोनदा दिले. तू विचारू नकोस हं त्यांना. मनाला लावून घेतात."

फोन ठेवल्यावर बराच वेळ ओव्हनच्या घड्याळाकडे बघत बसलो. 'एक तास परत मिळाला' असं आपण म्हणतो, पण तो मार्चमध्ये आपल्याच खिशातून काढलेला असतो. आणि अठरा वर्षं मी साडेनऊवरच होतो. सरकणारे ते दोघं होते. वर्षातून दोनदा, जेवणं, औषधं, मालिका सगळं माझ्या सोयीने तासभर पुढेमागे करत. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नाही, कारण माझ्याकडून बघितलं तर वेळ बदलतच नव्हती.

तर आता ठरवलंय. पुढच्या रविवारपासून फोन त्यांच्या सातला, बाराही महिने. हिवाळ्यात इथे साडेआठ. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "रविवारी? साडेआठला? तू?" बघू. जानेवारीत दोन आठवडे सुट्टी टाकतोय. बाबांना डॉक्टरांकडे न्यायचं आहे. आई म्हणते तसं न विचारता कसं न्यायचं, ते अजून सुचलेलं नाही. मोसंबं आणि टॉर्च घेऊन बसेन म्हणतो आधी. या वेळी मी विचारेन, त्यांनी सांगायचं.

असो. मागच्या अंगणातली पानं अजून पिशव्यांत भरायची आहेत, आणि आजपासून पाचच्या आत सूर्य मावळतो. हॉलमधलं घड्याळही अजून बदललेलं नाही.