पीळ

डिसेंबरातली सकाळ. पुण्यातल्या गोल्फच्या मैदानावर गवत दवानं जड झालेलं, आणि आधी चालून गेलेल्यांच्या पावलांच्या काळसर वाटा त्यावर उमटलेल्या. मी पहिल्या टीवर उभा. समोर फेअरवेची हिरवी पट्टी, उजव्या हाताला चिंचांची जुनी रांग. हातातला ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, फिरतो, चेंडू सुटतो, आणि पहिले शंभरेक यार्ड सगळं मनासारखं चाललेलं असतं. मग तो उजव्या अंगाला कलायला लागतो. आधी हळूच, आणि वेग ओसरेल तसा अधिकच. शेवटी पानांची सळसळ, खोडावर एक टक्क, आणि शांतता.

ती शांतता मी दोन वर्षं ऐकली.

याला स्लाइस म्हणतात. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळत जातो, डावखुऱ्याचा डावीकडे. शिकाऊ आणि हौशी खेळाडूंच्या मागे तो वर्षानुवर्षं लागलेला असतो. मीही त्यावर मला सुचला तो उपाय केला. चेंडू उजवीकडे जातो ना, मग आपण थोडं डावीकडे तोंड करून उभं राहावं. आठवड्यागणिक माझी पावलं डावीकडे वळत गेली आणि चेंडू चिंचांच्या आणखी आत जात राहिला.

माझी बॅग वाहणाऱ्या कॅडींना सगळे मामा म्हणतात. मूळचे मावळातले, तीस-पस्तीस वर्षं याच गवतावर चाललेले. न विचारता ते कधी बोलत नाहीत. एकदा बॅग खांद्यावर घेताना मीच विचारलं, "मामा, होतंय काय नेमकं?"

"साहेब, तुम्ही झाडांना भिऊन डावीकडे उभे राहताय," ते म्हणाले. "जितके डावीकडे उभे राहाल, तितका तो उजवीकडे पळणार."

घरी येऊन मी वाचायला बसलो. मामांनी एका वाक्यात सांगितलेलं समजायला मला बरेच दिवस लागले.

चेंडू क्लबला टेकलेला असतो तो सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढा वेळ. हाताला फटका जाणवतो तोवर चेंडू निघून गेलेला असतो. त्या निमिषात त्याला दोनच गोष्टी कळतात: क्लबचं तोंड, म्हणजे चेंडूला टेकणारी बाजू, कुठे पाहतंय आणि क्लब कुठल्या वाटेनं चाललाय. पूर्वीची पुस्तकं सांगत की चेंडू निघतो क्लबच्या वाटेनं आणि मग तोंडाच्या दिशेला वळतो. या शतकात मैदानावर रडार यंत्रं आली आणि ही समजूत मोडली. ड्रायव्हरच्या फटक्यात चेंडूची सुरुवातीची दिशा साधारण 85 टक्के तोंडच ठरवतं. पुढचं वळण ठरतं ते तोंड आणि वाट यांच्यामधल्या कोनावर.

म्हणजे समजा, क्लबचं तोंड लक्ष्याच्या 3 अंश डावीकडे आहे आणि क्लबची वाट 8 अंश डावीकडे. पाहणाऱ्याला दोन्ही डावीकडेच दिसतील. पण वाटेच्या मानानं तोंड 5 अंश उजवीकडे उघडं आहे, आणि चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळत जाईल. मी पावलं आणि खांदे डावीकडे वळवत होतो, त्यामुळे वाट डावीकडे सरकत होती. डोळे मात्र फेअरवेवरच, म्हणून हात तोंड तिकडेच धरून ठेवत होते. उपाय म्हणून जे करत होतो त्यानं तो कोन रोज थोडा रुंदावत होता.

याच वाचनात मला टेट भेटले. पीटर गथ्री टेट, एकोणिसाव्या शतकात एडिंबरा विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. गोल्फचं त्यांना वेड होतं, आणि सेंट अँड्र्यूजचं मैदान हा त्यांचा विसावा. चेंडू इतका वेळ हवेत राहतोच कसा, या प्रश्नानं त्यांना पछाडलं होतं. नुसत्या जोराचं गणित मांडलं तर तो कितीतरी आधी खाली यायला हवा. चेंडूला फिरकी लागणं म्हणजे नुकसानच, अशी तेव्हा खेळाडूंची शिकवण होती. टेटनी एक साधा प्रयोग केला. चेंडूला एक लांब, पीळ नसलेली फीत बांधली, तिचं दुसरं टोक जमिनीशी पक्कं केलं, एका चांगल्या खेळाडूला फटका मारायला लावला आणि फितीला पडलेले पीळ मोजले.

त्या फितीपाशी मी फार वेळ थांबलो. एक वयस्क माणूस गवतावर वाकून फीत बोटांतून सरकवत पीळ मोजतोय, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. त्या मोजणीतून त्यांना उत्तर मिळालं. उत्तम फटक्यातला चेंडू पुढे जाताना स्वतःभोवती उलटा फिरत असतो. ती उलटी फिरकी हवेला खाली लोटते आणि हवा चेंडूला वर धरते. फिरणारा चेंडू हवेत वाकतो हे न्यूटननं 1672मध्येच टेनिसच्या चेंडूबद्दल लिहून ठेवलं होतं. 1852मध्ये माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञानं ते प्रयोगांनी दाखवलं, आणि आज या परिणामाला त्याचंच नाव आहे. टेटनी दाखवून दिलं की गोल्फचा चेंडू दूर जातो तो या फिरकीच्या आधारानं. त्यांचा मुलगा फ्रेडी 1896 आणि 1898 अशी दोनदा ब्रिटिश अमॅच्युअर अजिंक्यपद स्पर्धा जिंकला. 1900मध्ये बोअर युद्धात तो दक्षिण आफ्रिकेत मारला गेला. पुढच्याच वर्षी टेट गेले.

आणि टेटच्या त्या फिरकीपाशीच माझा स्लाइस मला उलगडला. चेंडूला दोन वेगवेगळ्या फिरक्या नसतात, एक उचलणारी आणि एक भरकटवणारी. फिरकी एकच असते, मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांची, आणि तिला एकच आस असतो. तो आस जमिनीला समांतर राहिला की सगळा आधार वरच्या दिशेला मिळतो. तोंड आणि वाट यांच्यात कोन पडला की आस कलंडतो, आणि एका पंखावर कललेलं विमान वळावं तसा चेंडू वळतो. जी फिरकी त्याला तोलून धरते, तीच कलंडली की त्याला चिंचांत नेते.

सुंभ जळलं तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो, आणि त्यात पिळाला दोष असतो. मला त्या फितीनं वेगळं शिकवलं. पीळ जायला नकोच आहे. पीळ गेला तर चेंडू दगडासारखा पडेल. सरळ करायचाय तो त्याचा आस.

कामाला सुरुवात झाली ती मुठीपासून. क्लब धरून खाली पाहिलं तर डाव्या हाताच्या मुठीवरचा एकच सांधा दिसत होता. क्लब तळहातात रुतला होता आणि फटक्याच्या वेळी तोंड मिटायला मनगटाला वावच नव्हता. मामांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, क्लब बोटांच्या मुळाशी ठेवला आणि हात किंचित उजवीकडे वळवला. आता दोन सांधे पूर्ण दिसले, तिसरा डोकावू लागला. अंगठा आणि तर्जनी यांच्यातली खाच उजव्या खांद्याकडे पाहू लागली. "आवळू नका. आवळलं की मनगट मरतं," मामा म्हणाले.

मग चेंडूची जागा. तो माझ्या डाव्या चवड्यासमोर असायचा. क्लब तिथे पोचेपर्यंत खांदे उघडून गेलेले असत आणि क्लब डावीकडे ओढला जाई. तो टाचेच्या समोर, थोडा आतच आणला. पावलं, कंबर, खांदे लक्ष्याला समांतर केले. उजवीकडे चिंचा असताना तसं उभं राहायला पहिले काही दिवस धीर लागला.

सगळ्यात अवघड होती वाट. माझा क्लब वरून, खांद्यावरून, लाकूड फोडायच्या कुऱ्हाडीसारखा उतरत होता. मामा मला मैदानावरच्या तळ्याशी घेऊन गेले आणि हातात एक चपटा दगड दिला. "लहानपणी पाण्यावर भाकऱ्या काढल्यात ना साहेब? काढा बघू."

किती वर्षांनी काढल्या. कोपर आपोआप कमरेशी आलं, हात खालून, आतून बाहेर सुटला, दगड पाण्यावर तीनदा टेकला आणि बुडाला. कुणी न शिकवता अंगात बसलेली ती चाल. "हाच हात," मामा म्हणाले. मग चेंडूच्या किंचित मागे, पलीकडच्या बाजूला त्यांनी ड्रायव्हरच्या डोक्याला घालायची कापडी टोपी ठेवली. बाहेरून कुऱ्हाड आली की टोपी उडायची. अर्ध्या जोरानं, मग पाऊण जोरानं, रोज पन्नास चेंडू. पहिल्या आठवड्यात टोपी किती वेळा उडाली ते मोजलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ती बहुतेक वेळा जागेवर असे.

जानेवारीतल्या एका सकाळी मी पुन्हा पहिल्या टीवर होतो. दव तितकंच होतं. मूठ सैल धरली, खांदे सरळ ठेवले, हाताला तळ्यावरचा दगड आठवू दिला. आवाज वेगळा आला, भरीव. चेंडू उठला, वर गेला, आणि जिथून तो कलायला लागायचा तिथेही वर जातच राहिला, जणू खालून कुणी हात दिलाय. मग अगदी थोडासा उजवीकडे झुकून फेअरवेवर उतरला.

मामांनी बॅग उचलली. सवयीनं त्यांची पावलं चिंचांकडे वळली, दोन पावलांवर थांबली, आणि मग ते सरळ चालू लागले. त्यांच्या मागे दवावर एक काळसर वाट उमटत गेली, त्या बाजूला त्या सकाळची पहिलीच.