परई आपलीच हाय

आपल्यात गाणं ऐकून रडणाऱ्याला कच्चा समजतात. ठराव मांडला, आकडे फेकले, की तो पक्का कार्यकर्ता. आणि एखादं पोरगं गाण्यानं डोळे पुसायला लागलं की कुणीतरी शहाणा खांद्यावर हात ठेवून म्हणतोच, 'भावनेवर चळवळ चालत नाय, बाळा.' या वाक्याचा मला राग येतो. का येतो ते सांगतो.

चेन्नईत २०१७ साली एक बँड उभा राहिला. नाव 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'. सिनेमावाले पा. रंजित यांचं नीलम कल्चरल सेंटर आणि संगीतकार तेन्मा यांनी तो बांधला. ६ जानेवारी २०१८ ला त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. मंचावर १९ जण. अंगात सूट. बाबासाहेबांच्या लेकरांनी सूट का घातला, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. गिटार, ड्रम, आणि त्यांच्या बरोबरीनं परई. रॉक, रॅप आणि गाना, असं सगळं एका हंडीत शिजवलेलं. गाना म्हणजे उत्तर चेन्नईच्या वस्त्यांमधलं गाणं, मयताच्या घरी रात्र जागवणारं. ज्या शहरात कर्नाटक संगीताच्या सभा दरवर्षी डिसेंबरात सजतात, त्याच शहरातलं हे गाणं त्या सभांच्या दाराबाहेरच वाढलं.

नावसुद्धा हवेतून आलेलं नाही. पंडित अयोती दास यांनी आपल्या माणसांना 'जात नसलेले तमिळ' म्हटलं होतं, त्यातून ते घेतलं. या माणसानं १८९८ साली मद्रासेत शाक्य बौद्ध संघ काढला आणि १९०७ साली एक पैशाचं साप्ताहिक सुरू केलं. आपली नागपूरची दीक्षा १९५६ ची. म्हणजे आपल्या आधी ५८ वर्षं तिकडं कुणीतरी ही वाट तुडवत होतं, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकानं आपल्याला ते कळू दिलं नाही.

आता माझ्या घरातलं सांगतो. आम्ही माटुंगा लेबर कॅम्पातले. मावशी आमच्याच चाळीत. तिचा थोरला पोरगा इंजिनिअरिंगला लांबच्या कॉलेजात लागला. कॉलेजचं नाव घेत नाही. हॉस्टेलात पहिल्याच आठवड्यात त्याला रँक विचारली. रँक कळली, जात कळली. मग खोलीतला पाण्याचा माठ वेगळा झाला. मग जेवताना बाजूची खुर्ची रिकामी राहायला लागली. शिवी कुणी दिली नाही. मारलं कुणी नाही. तक्रार करायला हातात काहीच नाही, अशी ती तऱ्हा. २०१८ च्या फेब्रुवारीत वर्ष अर्धं टाकून तो घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

आमच्या घरात सगळ्यांना एकच तारीख आठवत होती, १७ जानेवारी २०१६. रोहित वेमुला. कुणी नाव काढलं नाही. पण मावशीनं मोरीच्या दाराची कडी स्क्रू-ड्रायव्हरनं काढून टाकली. रात्री ती उंबऱ्यात आडवी झोपायची. आम्ही त्याला पुस्तकं दिली, भाषणं ऐकवली, बाबासाहेबांनी केवढं सोसलं ते सांगितलं. तो मान हलवायचा. आपण एवढ्यानं मोडलो म्हणून त्याला उलट लाजच वाटायची.

धारावी आमच्याला खेटूनच. तिथं तिरुनेलवेलीकडून चामड्याच्या कामाला आलेल्या लोकांच्या कितीतरी पिढ्या झाल्या. त्यांतला एक पोरगा याचा शाळेतला दोस्त. त्यानं मोबाईलवर या बँडची गाणी पाठवली. हा कानात वायर घालून ती ऐकत पडायचा. दिवसभर. शब्द एक कळत नव्हता. दोस्त संध्याकाळी येऊन अर्धामुर्धा अर्थ सांगायचा. त्यात आरक्षण होतं, कुणी काय खावं याचा जाब होता, जय भीम होतं. पण अर्थ कळायच्या आधीच तो रडला होता, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा रडला होता.

एका रात्री त्यानं वायर काढली आणि आवाज मोठा व्हावा म्हणून मोबाईल स्टीलच्या डब्यात ठेवला. परई सुरू झाली. मावशी पीठ मळत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "आरं, हे तर आबाचं डफडं हाय."

आबा म्हणजे आमचा आजा. गावात लग्न असलं की मांडवाच्या बाहेर उभा राहून वाजवायचा. मयत असलं की पुढं वाजवत जायचा. लोकाचं सुख असो का मरण, आबाला आत जागा नाही. बहात्तरच्या दुष्काळात गावच्या बड्याच्या मयताला वाजवायचं बोलावणं आलं. वस्तीनं ठरवलं, वाजवायचं नाही. आबानं डफडं चुलीत घातलं. गावानं पाणी तोडलं आणि आम्ही मुंबईत आलो. मावशी तेव्हा आठ वर्षांची. हे मी तुकड्या-तुकड्यानं ऐकलं होतं. मावशीच्या पोरानं मात्र त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. मावशी सांगत होती आणि पिठाच्या हातानं परातीवर ताल धरत होती.

परईचंही असंच झालंय. तमिळ भाषेत परै म्हणजे बोलणं, सांगणं. ती वाजवणारे म्हणून परैयर. इंग्रजीनं त्यातूनच बहिष्कृताला एक शब्द केला आणि जगभर फिरवला. तिकडंही मयताला परई वाजवायची सक्ती, तिकडंही कैक गावांत पोरांनी नकार दिला आणि मार खाल्ला. पुढच्या पिढीनं तीच परई उचलून आपल्या मर्जीनं मंचावर नेली. आपली हलगी वाजवायच्या आधी शेकतात, तशीच तीही विस्तवावर शेकतात. ताणलं गेलेलं कातडंच बोलतं.

म्हणून मला वाटतं, रॉकच्या आवाजानं अंगावर काटा येतो तो नुसत्या विजेचा नसतो. गिटार जगात कुठंही वाजते. पण तिच्या शेजारी परई छाती काढून उभी राहते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या आत आजोबापासून दाबलेलं काहीतरी उठून बसतं. आपल्याच आवाजाची लाज वाटायला शिकवलेल्या पोराला तोच आवाज ढणाढणा, हजारो माणसांत, ताठ मानेनं ऐकू येतो. 'परई' शब्द आपल्या कानाला हिंदीतल्या 'परायी'सारखा लागतो. मावशीला तो तसा लागला नाही. बँडमधली इसैवाणी गाताना मोबाईलवर दिसली, तेव्हा ती म्हणाली, "बाई गाती? मयताचं? बापयांच्या म्होरं?" गाना हा पुरुषांचा फड. त्यात रोयापुरमची ही मुलगी उभी राहिली, आणि २०२० साली बीबीसीनं जगातल्या शंभर बायांच्या यादीत तिचं नाव घेतलं. मावशीला बीबीसी माहीत नाही. पण त्या दिवसापासून ती 'आपली पोरगी' झाली.

तर भावनेचं काम एवढं आहे. गाण्यानं तक्रारअर्ज लिहिला नाही, तो आम्ही लिहिला. चौकशी झाली, कुणाला शिक्षा झाली नाही. पोरगा दुसऱ्या कॉलेजात गेला, २०२२ ला पदवीधर झाला, आणि आता रविवारी विहारात पोरांचं गणित घेतो. पण अर्जावर सही करायला तो भिंतीकडचं तोंड वळवून उठून बसला, ते आमच्या भाषणानं नव्हे. माणूस जिवंत राहिला तर ठराव. आधी तो राहायला हवा.

आणि आता जे बोलतो ते आपल्या सगळ्यांसाठी आहे. गाणं ऐकणाऱ्याला एकटेपणातून ओढून काढतं. गाणाऱ्याला कोण काढतं? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, १० माणसं गेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. मुंबईतल्या वस्त्यावस्त्यांत ज्यांच्या आवाजानं लोक उठले, त्या माणसाच्या घरात त्या रात्री आपल्यातलं कोण होतं? आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' त्यांच्यापासूनच सुरू होतो. तो २०११ चा सिनेमा आपण जयंतीला पडदा बांधून दाखवतो, रडतो, आणि पडदा सोडून घरी जातो.

गाण्यानं आपल्याला जे दिलं त्याचं देणं लागतं. सभा संपते, निळे झेंडे गुंडाळले जातात, पुढारी गाडीत बसतात. तेव्हा मागं थांबून वायरी गोळा करणारी, हलगीला फडकं गुंडाळणारी पोरं-पोरी असतात. त्यांच्याकडं जा. सेल्फी राहू दे. विचारा, जेवलास का? शेवटची लोकल मिळंल का? घरी कोण हाय?