अण्णांची चिल्लर

अण्णा एसटीत कंडक्टर होते. मुक्कामी गाडी आमच्याच गावात थांबायची. जेवणं झाली की अण्णा घोंगडीवर चामड्याची पिशवी पालथी करायचे आणि आम्ही भावंडं पाच, दहा, वीस पैशांचे ढीग लावायचो. हिशेब वेबिलाशी जुळला की मगच त्यांच्या तोंडावर हसू यायचं.

ढिगात वेगळं नाणं दिसलं तर ते बाजूला काढायचे. पण आधी आपल्या खिशातलं तेवढ्याच किमतीचं नाणं पिशवीत टाकायचे. "सरकारचा पैसा हाय, त्यात हात घालायचा न्हाई," म्हणायचे. कधी 'नया पैसा' लिहिलेलं 1957 सालचं नाणं मिळायचं, कधी गांधीजींचा चेहरा आणि 1869-1948 असे आकडे असलेलं पिवळं वीस पैशांचं. सालाच्या खाली बघायला त्यांनीच शिकवलं. पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असली तर ते मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी हैदराबादची, खूणच नसली तर कलकत्त्याचं. पुढं नोएडाचा ठिपकाही दिसायला लागला. एकदा मी कौतुकानं एक नाणं चिंच लावून लख्ख घासलं, तर पाठीत धपाटा बसला. घासलेल्या नाण्याला जाणकार माणूस किंमत देत नाही, हे मला तेव्हा कुठं ठाऊक!

अण्णा गेले. नाण्यांचा डबा आईनं कपाटात ठेवला. मी पुण्याला आलो.

एका रात्री आईचा फोन आला. आवाज दबका. "आरं, वैष्णोदेवीच्या पाच रुपयाला दहा लाख देत्यात म्हणं. मोबाईलवर दाखवलं. आपल्या डब्यात हाय की एक."

"अगं आई, ते 2012 सालचं नाणं. बाजारात सुट्ट्या पैशांत फिरतंय. त्याला कोण लाख देणार?"

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "नोंदणीचे म्हणून पंधराशे मागितले त्यांनी. शेजारच्या पोराकडनं धाडले. आता आणखी पाच हजार मागत्यात."

सोयाबीनचे पैसे होते ते. मी फोनवर ओरडलो. रिझर्व्ह बँकेनं 2021 सालीच लोकांना सावध केलं होतं, की जुनी नाणी-नोटा विकून देण्यासाठी बँक कुणाकडून पैसे घेत नाही, तिच्या नावावर कुणी मागितले तर देऊ नका. हे सगळं मला माहीत होतं. पण आईला कधी सांगितलं होतं मी? आणि घराची गळकी पत्रं बदलायला पैसे हवेत, हेही तिनं मला सांगितलं नव्हतं.

दिवाळीला गेलो तेव्हा आधी पत्रे बदलले. मग डबा पुण्याला आणून एका नाणेवाल्याला दाखवला. त्यानं एकेक नाणं भिंगाखाली धरलं. "झीज किती, आणि असली किती निघाली, यावर भाव. नुसतं जुनं असून भागत नाही," म्हणाला. सगळ्या डब्याचे मिळून शे-दोनशे रुपये सांगितले. मी डबा उचलला आणि परत आईला नेऊन दिला.

आता बचत गटात कुणी लाखाच्या नाण्याची गोष्ट काढली की आई ते पाच रुपयाचं नाणं कनवटीचं काढून दाखवते. म्हणते, "बायांनो, इकत घेणारा पैसं देतो, मागत न्हाई. हे मला पंधराशेला पडलंय!"