बुरशीची कमान

फ्रिजच्या कोपऱ्यात विसरलेला पाव तुम्ही कधी बाहेर काढलाय? त्यावर कापसासारखा थर दिसला की आई ओरडते, "टाकून दे, बुरशी आलीय!" मराठीत बुरशीबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. जुनाट विचारांना आपण 'बुरसटलेले विचार' म्हणतो. पावसाळ्यात उगवणाऱ्या सुंदर छत्रीलाही 'कुत्र्याची छत्री' म्हणतो! तेव्हा गणपतीच्या सजावटीसाठी बुरशी वाढवूया, असं मी आमच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये म्हटलं, त्यावर काय झालं असेल याचा अंदाज करा.

पण ती गोष्ट नंतर. आधी २०१४ सालात जाऊ.

मी तेव्हा अमेरिकेत नवीन होतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात 'मोमा पीएस१' नावाचं कलासंग्रहालय आहे, एका जुन्या शाळेच्या इमारतीत. त्या काळी दर उन्हाळ्यात त्याच्या अंगणात एखादा तरुण आर्किटेक्ट तात्पुरतं बांधकाम करायचा. लोकांना सावली, बसायला जागा आणि पाणी मिळालं पाहिजे, अशी अट असायची. त्या वर्षी डेव्हिड बेंजामिन यांच्या 'द लिव्हिंग' या संस्थेने तिथे 'हाय-फाय' नावाचे मनोरे उभे केले होते. उंची साधारण ४० फूट, विटा सुमारे १०,०००. गोल मनोरे एकमेकांत मिसळलेले, भिंतींत मुद्दाम ठेवलेल्या फटी, आणि त्या फटींतून आत येणारं ऊन. अंगणात गाणी चालू होती, पण आत बरेच जण नुसते भिंतीला हात लावून बघत होते. मीही लावला. थर्माकोल आणि वाळलेली भाकरी यांच्या मधलं काहीतरी वाटलं.

मित्र म्हणाला, "अरे, ही बुरशी आहे." मी हात पँटला पुसला. खरं सांगतो, पुसलाच.

शाळेत आम्हाला 'कवक' हा धडा होता. बुरशीला पुस्तकात कवक म्हणतात. 'मृतोपजीवी' हा शब्द मी तेव्हा पाठ केला होता आणि परीक्षेनंतर विसरूनही गेलो होतो. मृत म्हणजे मेलेलं. मेलेल्या झाडापानांवर जो जगतो, तो मृतोपजीवी. छत्री हा कवकाचा फक्त दिसणारा भाग. खरा पसारा आत असतो, पांढऱ्या बारीक धाग्यांचा. त्याला कवकजाल म्हणतात. हे धागे लाकूड, भुसा, पाचोळा खात खात पसरतात आणि सुटे कण एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. विटेत सिमेंटचं काम करतात तेच हे धागे. 'हाय-फाय'साठी मक्याची धाटं, म्हणजे कणसं काढल्यावर शेतात उरतात ती खोडं, बारीक केली. त्यात कवक मिसळून ते साच्यात भरलं. काही दिवसांत वीट तयार! भट्टी नाही, कोळसा नाही.

या विटा 'इकोव्हेटिव्ह' कंपनीने वाढवल्या होत्या. एबेन बायर आणि गॅव्हिन मॅकइंटायर या दोघांनी २००७ मध्ये ती न्यूयॉर्क राज्यातच सुरू केली. पॅकिंगच्या थर्माकोलला पर्याय द्यायचा, हा तेव्हा त्यांचा मुख्य धंदा होता.

आणि थर्माकोल म्हटलं की मला मखर आठवतं. मखर म्हणजे गणपती बसवतात ती सजवलेली छोटी देवळी. लहानपणी आम्ही थर्माकोल कापून मखर करायचो. कापताना घरभर पांढरे दाणे उडायचे, महिनाभर सापडत राहायचे. बाप्पा शाडूचे, दीड दिवसाने पाण्यात विरघळून जायचे. मखर मात्र माळ्यावर, वर्षानुवर्षं! महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. इथे न्यू जर्सीत आम्ही आपले दुकानातून पांढरे ठोकळे आणतच होतो.

म्हणून मी मीटिंगमध्ये ते सुचवलं. मुलं खूश झाली. एका विद्यार्थ्याची आजी पुण्याहून आली होती, तिने मात्र कपाळाला हात लावला. "अरे, शिळं फूल आपण देवाला वाहत नाही, आणि तू त्याला बुरशीत बसवणार?"

मी इडलीच्या पिठाचं उदाहरण दिलं, दह्याचं दिलं. आजी म्हणाली, "दही खराब झालं की मी टाकते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी असं ठरलं की मखर कापडाचं आणि फुलांचं, आणि हॉलच्या दारात बुरशीच्या विटांची कमान. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, आजीचं बरोबर होतं. नवीन वस्तू थेट देवघरात कशाला न्यायची? आधी दारात उभी राहू दे, लोकांना बघू दे.

बुरशी मिसळलेला हेंपच्या खोडाचा भुगा पिशवीत विकत मिळतो. त्यात आम्ही पाणी आणि थोडी कणीक घातली. पिशवी काही दिवसांत पांढरीशुभ्र झाली. मग तो भुगा मोकळा केला आणि आईस्क्रीमच्या चौकोनी डब्यांत दाबून भरला. हात नीट धुवायचे, हातमोजे घालायचे, हे मी मुलांना दहादा सांगितलं आणि एकदा स्वतःच विसरलो. माझ्या ४ विटा हिरव्या पडल्या. ती दुसरीच बुरशी, पावावरची. मुलं अजून हसतात.

तयार विटा आम्ही ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवल्या. वाळवताना कवक मरतं आणि वाढ थांबते. "म्हणजे आपण त्याला मारलं?" एका मुलीने विचारलं. हो, मारलं. नाहीतर कमानीला छत्र्या फुटल्या असत्या. पण जिवंत ठेवून वापरण्याचे प्रयोगही चालू आहेत. मोंटाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये कवकजालाच्या सांगाड्यावर जिवाणूंकडून चुनखडीचा थर बनवून घेतला. त्या पदार्थातले जिवाणू निदान महिनाभर जिवंत राहिले. भेग पडली तर पुढेमागे भिंत ती स्वतःच बुजवेल, अशी त्यांना आशा आहे.

अर्थात, या विटांवर चार मजले चढवता येत नाहीत. काँक्रीटचा भार त्यांना पेलत नाही, आणि सतत भिजल्या तर त्या कुजतात. आमच्या कमानीच्या आतसुद्धा लाकडी चौकट होती, हे मी त्या दिवशी कुणाला मोठ्याने सांगितलं नाही.

'हाय-फाय' उन्हाळा संपल्यावर उतरवलं. विटांचं खत केलं आणि ते क्वीन्समधल्या सार्वजनिक बागांना दिलं. आम्हीही विसर्जनानंतर कमान सोडवली. मुलांनी विटा हाताने मोडल्या. मोडायला त्यांना बांधण्यापेक्षा जास्त मजा आली, हे उघड आहे. कोपऱ्यात आजी उभी होती. तिने एक तुकडा उचलला, नाकाजवळ नेला आणि म्हणाली, "वास नाही रे याला." मग दोन विटांचा चुरा पिशवीत भरून घेतला, लेकाच्या अंगणातल्या टोमॅटोंना घालायला. हिरव्या पडलेल्या ४ मात्र तिने मलाच ठेवायला सांगितल्या.