तबकडीची एक बाजू, वहीचे एक पान

साठी ओलांडलेले अनेक जण दवाखान्यातून उठताना, रक्तदाबाचा आकडा विचारून झाला की हळूच आणखी एक प्रश्न विचारतात : "डॉक्टर, बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहावी म्हणून काय करावे?" या प्रश्नाचे उत्तर चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. मात्र गेली दोन वर्षे मी स्वतः जे करीत आले आहे, ते आपल्यापुढे ठेवावेसे वाटते. रोज सकाळी, आवडत्या संगीताच्या सोबतीने, मी वीस मिनिटे गणित शिकते.

याचे कारण घरातच आहे. माझे वडील, अण्णा, ब्याऐंशी वर्षांचे आहेत. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसाला सहा वर्षांपासून कंपवात आहे. ज्यांनी दीर्घ आजाराची शुश्रूषा केली आहे, त्यांना हे ठाऊक असेल. औषधे वेळेवर दिली, पथ्य सांभाळले, तरी सहा महिन्यांपूर्वी जे जमत होते त्यातले काहीतरी आज जमेनासे झालेले असते. आधी सदऱ्याचे बटण लावणे जाते, मग सही जाते. डॉक्टर म्हणून मला त्याची कारणे कळतात. मुलगी म्हणून त्या कळण्याचा फारसा आधार वाटत नाही. अशा घरात दिवसाकाठी एक तरी गोष्ट पुढे सरकणारी हवी असते. ती मला आठवीच्या गणिताच्या पुस्तकात सापडली.

रीत साधी आहे. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ती मी मोठ्या अक्षरांत छापून घेतली. अण्णांची सकाळची गोळी लागू पडली, हातपाय जरा मोकळे झाले, की आम्ही त्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर लावतो. लाँग प्ले तबकडीची एक बाजू साधारण वीस मिनिटे चालते. तेवढा वेळ गणित. सुई थांबली की वही मिटायची, उदाहरण अर्धे राहिले तरी. मग दोघांनीही उठायचे, कारण वयस्कर सांध्यांना एका जागी दीर्घकाळ बसणे मानवत नाही. घड्याळाच्या गजरापेक्षा तबकडीचे संपणे अधिक सौम्य असते.

संगीत ऐकल्याने बुद्धी वाढते, असे मात्र समजू नये. १९९३ साली 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची रचना दहा मिनिटे ऐकवल्यावर आकृत्यांच्या एका चाचणीत त्यांचे गुण वाढले. त्यावरून पुष्कळ गाजावाजा झाला. परंतु तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांपलीकडे टिकला नव्हता, आणि मन प्रसन्न व जागे झाल्यामुळे तो घडला असावा, असे पुढील संशोधनातून दिसले. मला तेवढे पुरे आहे. कंटाळलेल्या मनाला वहीपाशी आणून बसवणे, हेच संगीताचे काम.

गाण्याची निवड मात्र विचारपूर्वक करावी. शब्द असलेले गाणे वाचनाच्या आड येते. ओळखीचे असेल तर अधिकच, कारण मन पुढच्या ओळीकडे धावते. म्हणून 'गीतरामायण' आम्ही संध्याकाळसाठी राखून ठेवले आहे. सकाळी वाद्यसंगीत. अण्णांची आवडती तबकडी १९६७ची, 'कॉल ऑफ द व्हॅली' : शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस त्यात सुरांनी मांडला आहे. आवाज इतकाच ठेवावा की शेजारच्या माणसाचे सहज बोलणे ऐकू यावे. आवाज सारखा वाढवावा लागत असेल, तर कानांची तपासणी अवश्य करून घ्यावी.

पुस्तकाचा कंटाळा आला की आम्ही कापरेकरांकडे वळतो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी शोधलेली ही गंमत आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. आपल्या तबकडीचेच साल घेऊ. ९७६१ वजा १६७९ म्हणजे ८०८२. ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा अण्णांनी घरातल्या प्रत्येकाचे जन्मसाल तपासले.

कंपवातात अक्षर बारीक होत जाते. कोऱ्या कागदावर अण्णांचे आकडे मुंगीएवढे होतात. मोठ्या चौकटींच्या वहीत, एका चौकटीत एक आकडा लिहिताना ते पुष्कळ सावरतात. थकले की ते नुसते तोंडाने सांगतात आणि मी लिहिते. हिशेबात त्यांचा हात, हात थरथरत असूनही, माझ्याहून जलद आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांना दोन सूचना. घरातील वृद्धाची परीक्षा घेऊ नका. "शंभरातून सात वजा करत जा" ही डॉक्टरांची चाचणी आहे, जेवणाच्या ताटावर विचारायचा प्रश्न नव्हे. विस्मरण जडलेल्या माणसाला चुकल्याची लाज पुरेशी कळते. त्याला नुसते संगीत ऐकू द्या. गणित तुम्ही करा. दुसरी सूचना अशी की, आयुष्यभर हिशेब सांभाळणारी व्यक्ती सुट्या पैशांत किंवा निवृत्तिवेतनाच्या नोंदींत गोंधळू लागली, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य किंवा एखादे औषधही कारणीभूत असू शकते आणि त्यावर उपाय असतो.

हा अभ्यास म्हणजे विस्मरणाविरुद्धचा विमा आहे, असे मी म्हणणार नाही. अण्णांचा आजार या दोन वर्षांत वाढलाच आहे. पण त्याच दोन वर्षांत मी आठवीपासून दहावीच्या वर्गसमीकरणांपर्यंत आले आहे, आणि ते दोघांचे मिळून झाले आहे. त्या वीस मिनिटांत ते रुग्ण नसतात, मी परिचारिका नसते. एखादे उत्तर पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तराशी जुळले, की ते मान हलवतात आणि म्हणतात, "पुढचं वाच."

आपणही एक वही आणा. गणितच हवे असे नाही; नकाशे चालतील, मोडी लिपी चालेल. मात्र काल जमले नव्हते ते आज थोडे जमावे, असे काही निवडा. संगीत आपल्या आवडीचे असू द्या, आणि शेजारी आणखी एक खुर्ची ठेवा.