निधान

गेल्या चैत्रात सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या मैंदर्गीच्या शेडमध्ये १९६४ सालची एक फियाट अकराशे डिलाइट मुंबईहून आली, तेव्हा तिचा मूळ रंग कोणता असावा याविषयी मालकापासून चहावाल्यापर्यंत प्रत्येकाने आपापले मत दिले. परंतु पुढील आसनाखालच्या ज्या चार बोल्टांच्या तैनातीत माझे अकरा दिवस जावयाचे होते, त्यांची विचारपूस मात्र कोणीही केली नाही. कुर्ल्याच्या ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ही गाडी घडली, ती कंपनी १९४४ साली स्थापन करणारे वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे; त्यामुळे या गाड्यांना मी माहेरवाशिणी मानतो. ही माहेरवाशीण मात्र समुद्राची खारी हवा हाडांत मुरवून आली होती.

गंज म्हणजे लोखंडाची झीज, असे आपण समजतो. परंतु गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते, आणि म्हणून आट्यांमधल्या सूक्ष्म फटीत ते असे ठाण मांडून बसते की बेदखलीचा कोणताही हुकूम त्यास लागू पडत नाही. त्यातून वरून गालिच्यात मुरलेली ओल आणि खालून रस्त्याचा चिखल, अशा दुहेरी वेढ्यात आसनाचे बोल्ट वर्षानुवर्षे सापडलेले असतात.

उमेदवारीच्या काळात अशाच एका बोल्टावर पाना चढवून, पान्यात हातभर पाइप घालून मी सारा देहभार टाकला होता. बोल्टाचे मुंडके खळकन तुटून हातात आले, आणि उरलेला दांडा मधोमध भोक पाडून काढण्यात दोन दिवस गेले. माझे कन्नडभाषी वृद्ध उस्ताद रागावले नाहीत. नुसते 'निधान' म्हणाले. कन्नडात निधान म्हणजे सावकाश. मराठी कानांना मात्र तो पुरलेला ठेवा वाटतो, आणि या दोन अर्थांचा मेळ माझ्या ध्यानात येण्यास बराच काळ जावा लागला.

उस्तादांची रीत अशी, की बोल्टाला हात लावण्यापूर्वी गाडीखाली शिरून पत्र्याबाहेर डोकावणारे आटे तारेच्या ब्रशाने स्वच्छ करावयाचे, कारण काढताना ते मळलेले आटे नटातूनच जावयाचे असतात. मग डिझेल सोडून रात्रभर मुरू द्यावयाचे, सकाळी मुंडक्यावर हलक्या हातोडीने ठोके द्यावयाचे, आणि पुन्हा डिझेल. काथ्याच्या गाद्यांजवळ ज्योत वर्ज्य. म्हणून दरवाजाच्या लहान स्क्रूंना झाळण्याच्या कावियाने शेक द्यावयाचा. शंभर अंश तापलेला १० मिलिमीटर जाडीचा बोल्ट जेमतेम ०.०१२ मिलिमीटर फुगतो. पण तेवढ्या हालचालीने गंजाची पकड तडकते, आणि निवताना तेल आत ओढले जाते. फुलीच्या खाचेतून पेचकस निसटू लागला, तर त्याच्या टोकाला वॉल्व्ह घासण्याची पेस्ट लावावी. सर्वांत विलक्षण नियम शेवटचा: सोडवण्यापूर्वी बोल्ट किंचित आवळून पाहावयाचा. ज्या दिशेला तो इतकी वर्षे एकनिष्ठ राहिला, त्या दिशेला तो कधीकधी केसभर सरकतो. आणि एकदा सरकला, की पुढचे काम मागेपुढे करीत, पाव पाव फेऱ्याने निभावते.

तीन बोल्ट आठव्या दिवसापर्यंत सुटले. चौथ्याने मात्र मुदतीवर मुदत मागितली, आणि मीही ती मंजूर करीत गेलो. अकराव्या दिवशी आवळताना तो बारीक कुरकुरला. हातांना ती कुरकुर कानांच्या आधी कळली. तासाभराने तो अखंड बाहेर आला.

तळाच्या पत्र्यावर कोणीतरी पूर्वी काळा डांबरी लेप चढवला होता, आणि जागोजागी खरवडूनही त्याखाली गंजाखेरीज काही हाती लागले नव्हते. आता चौथ्या बोल्टाचा वायसर उचलला, तर त्याखाली रुपयाएवढे एक वर्तुळ, लेप आणि गंज या दोहोंपासून बचावलेले: फिकट राखाडी, कारखान्यातून निघाले त्या दिवसाइतके तुळतुळीत. मी मालकाला बोलावणे धाडले, आणि तो येईपर्यंत त्या वर्तुळावर स्वच्छ फडके झाकून ठेवले.