कौल

सन २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यांत एके दिवशीं तिसऱ्या प्रहरीं आम्ही ओटीवरील झोपाळ्यावर वर्तमानपत्र चाळीत बसलों असतां एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी बेडें उघडून आंत आली. पावसानें अद्याप पाठ सोडली नव्हती. म्हणून तिच्या एका हातांत छत्री व दुसऱ्या हातांत, जिला हल्लीं टॅब म्हणतात, ती काळ्या कांचेची पाटी होती. "गुरुजी, विधानसभेच्या मतदारांचा कल विचारायला आलें आहें," असें म्हणून तिनें पाटीवरील यादींत पाहिलें व आमच्या कुटुंबाचें नांव घेतलें. आमचें नव्हे. आम्हांस तें किंचित् चमत्कारिक वाटलें. "ती आंत स्वयंपाकघरांत आहे; काय विचारावयाचें तें आम्हांस विचारा. या घरांत सात मतें आहेत आणि सातही एका विचाराचीं आहेत," असें आम्हीं सांगितलें. मुलीनें जरा घुटमळून माजघराच्या दाराकडे पाहिलें; परंतु तिला आणखी पुष्कळ घरें उरकावयाचीं असावींत. आम्हीं उत्तरें दिलीं, तिनें तीं पाटीवर बोटानें उमटविलीं, पाणी प्याली, एका चिठ्ठीवर आपल्या कचेरीचा दूरध्वनि-क्रमांक लिहून ठेवला आणि निघून गेली.

यांत कांहीं वावगें घडलें असें त्या वेळीं आमच्या स्वप्नांतही आलें नाहीं. तें कसें ध्यानांत आलें हें सांगण्यापूर्वीं त्या वर्षाची हकीकत थोडी सांगितली पाहिजे.

कोंकणांतल्या माणसास कौल हा शब्द नवा नाहीं. छपरावरचीं कौलें सोडून देऊं; ग्रामदेवतेस लावतात त्या कौलाविषयीं आम्ही बोलत आहों. मूर्तीस कळ्या किंवा पाकळ्या चिकटवून गुरव गाऱ्हाणें घालतो, आणि उजवीकडची पाकळी आधीं पडली तर काम होणार, डावीकडची पडली तर होणार नाहीं, असें समजतात. डावा कौल पडतांच मुकाट्यानें उठून घरीं जाणारा यजमान आम्हीं क्वचितच पाहिला आहे. बहुतेक जण 'आणखी एकदां लावा' म्हणतात. वर्तमानपत्रांनीं निवडणुकीच्या भाकितांस हाच शब्द कां लावला असेल तें ठाऊक नाहीं. पण ज्यानें प्रथम लावला तो आमच्या बाजूचाच कोणी असावा असा आमचा संशय आहे.

आमचे धाकटे चिरंजीव अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत नोकरीस आहेत. त्यांस तेथें मताधिकार नाहीं आणि येथें येऊन मत देण्यास सवड नाहीं. असें असतां दोन्ही देशांतील निवडणुकांची काळजी घरांत सर्वांहून अधिक तेच वाहत होते. २१ जुलै रोजीं बायडेन यांनीं अध्यक्षपदाच्या स्पर्धेंतून माघार घेतली व त्यांच्या जागीं कमला हॅरिस आल्या, तेव्हांपासून रोज सकाळीं साडेसातच्या सुमारास त्यांचा दूरध्वनि येई आणि त्यांत प्रकृतीची चौकशी आधीं कीं आंकडे आधीं, याचा नेम नसे. ऑगस्टांत हॅरिसबाई थोड्या पुढें होत्या. ऑक्टोबरांत तें अंतर आटत गेलें. आज एक टक्का इकडे, परवां एक टक्का तिकडे. आणि त्या एका टक्क्यानें चिरंजीवांचा स्वर चढे किंवा उतरे.

आम्हीं छत्तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या. एकच पत्रिका एका परीक्षकानें तपासली तर एकसष्ट गुण आणि दुसऱ्यानें तपासली तर त्रेसष्ट. तेवढ्यानें मुलगा दोन दिवसांत हुषार झाला असें कोणी म्हणत नाहीं. हजार माणसांस विचारून काढलेल्या आंकड्यांत शेंकडा तीनांचा फरक, वर किंवा खालीं, हा निव्वळ योगायोगानेंही पडूं शकतो, असें जाणते सांगतात. मग एका टक्क्याच्या हेलकाव्यावर इतका जीव टांगण्याचें कारण काय? पण हें दूरध्वनीवर सांगून पटत नाहीं. मतदानाच्या तीन दिवस आधीं आयोवा संस्थानांतील एका नामांकित पाहणीनें हॅरिसबाईंस तीन टक्क्यांची आघाडी दाखविली, तेव्हां चिरंजीवांनीं आम्हांस पहांटे उठविलें. प्रत्यक्षांत तेथें ट्रंप तेरा टक्क्यांनीं पुढें आले, आणि सबंध देशांत ५३८ पैकीं ३१२ प्रतिनिधि-मतें घेऊन अध्यक्ष झाले. त्यानंतर चार दिवस दूरध्वनि आला नाहीं.

चिरंजीवांस हंसण्याचा अधिकार मात्र आम्हांस नव्हता, कारण त्याच वर्षीं उन्हाळ्यांत आम्हींही हाच उद्योग केला होता. लोकसभेसाठीं आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघाचें मतदान ७ मे रोजीं झालें. एकीकडे श्री. नारायण राणे, दुसरीकडे मागील दोन्ही खेपेस येथून निवडून आलेले श्री. विनायक राऊत. सेवानिवृत्तास वेळ भरपूर असतो. आम्हीं शंभर पानी वही घातली व पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ विचारपूस आरंभिली: भाट्याच्या वाळूंत फिरावयास येणारी मंडळी, वाचनालयांत वर्तमानपत्रासाठीं ताटकळणारे, राम आळींतील दोन दुकानदार, आमचे जुने सहाध्यापक. एकंदर एकशेंचार नांवें झालीं. बेरीज केली व राऊत निवडून येणार असें घरांत जाहीर केलें.

४ जून रोजीं राणे ४७,८५८ मतांनीं निवडून आले.

आमची बेरीज अगदींच खोटी होती असें नाहीं. चिपळूण, रत्नागिरी व राजापूर या अलीकडच्या तीन विधानसभा क्षेत्रांत राऊतच पुढें होते. परंतु विजयदुर्गाच्या खाडीपलीकडे कणकवली, कुडाळ व सावंतवाडी येथें राणे यांस एवढें मताधिक्य मिळालें कीं अलीकडचें सारें त्यांत बुडालें. खाडी ओलांडून विचारावें हें आम्हांस सुचलेंच नाहीं. खाडीचें सोडा, मिरकरवाड्यांत व राजिवड्यांतही आमची वही गेली नव्हती. त्यांतल्या त्यांत समाधान एवढेंच कीं मोठमोठे पंडितही आमच्याच पंक्तीस बसले होते. शेवटच्या टप्प्याचें मतदान १ जूनला संपलें, कायद्याप्रमाणें अर्धा तास थांबून वाहिन्यांनीं आपले कौल जाहीर केले, आणि बहुतेकांनीं दिल्लीच्या सत्ताधारी आघाडीस साडेतीनशेंच्या वर जागा दिल्या, कांहींनीं तर चारशें. प्रत्यक्षांत २९३ झाल्या.

आतां त्या मुलीकडे वळूं. ती येऊन गेली त्या रात्रीं जेवतांना आम्हीं सहज गोष्ट काढली कीं, एवढी शिकलेली मुलगी, पण घरांत कर्ता पुरुष समोर असतां बायकांचीं नांवें घेऊन विचारते. आमचा पुतण्या पुण्यास संख्याशास्त्र शिकून आला आहे. तो म्हणाला, "अण्णा, ती बरोबरच विचारत होती. मतदार यादींतून ठराविक अंतरानें नांवें उचलतात, आणि ज्याचें नांव निघालें त्यालाच विचारायचें असतें. तो घरीं नसला तर पुन्हा यायचें. पण शेजारच्याला विचारायचें नाहीं. भेटेल त्याला विचारलें तर तुमची मे महिन्यांतली वही होते."

पुढें त्यानें बराच वेळ समजावून सांगितलें. शितावरून भाताची परीक्षा करतात. पण चुलीवरच्या मोठ्या टोपांत खालचा भात करपलेला, वरचा टरटरीत आणि मधला शिजलेला असूं शकतो. हाताला येईल तें वरचेंच शीत चेपून चालत नाहीं. सन १९३६ सालीं 'लिटररी डायजेस्ट' नामक अमेरिकन साप्ताहिकानें सुमारें एक कोटि लोकांस डाकेनें मतपत्रिका पाठविल्या, वीस लाखांहून अधिक उत्तरें आलीं, आणि त्यांवरून लँडन हे अध्यक्ष होणार असें छापलें. निवडून आले रूझवेल्ट, तेही ४८ पैकीं ४६ संस्थानांत. साप्ताहिकानें नांवें काढलीं होतीं टेलिफोनच्या व मोटारगाड्यांच्या याद्यांवरून. त्या मंदीच्या दिवसांत ज्याच्या दारीं मोटार नव्हती त्यास कोणी विचारलेंच नव्हतें. त्याच वेळीं गॅलप नांवाच्या गृहस्थांनीं कितीतरी थोड्या माणसांस, पण बेतानें निवडून, विचारलें व रूझवेल्टचें नांव सांगितलें. (याच गॅलप यांनीं १९४८ सालीं आतां मतें ठरून गेलीं असें समजून पाहणी लौकर थांबविली आणि ट्रूमन यांच्याऐवजीं ड्यूई यांस निवडून आणलें, तें वेगळें.) आपल्याकडे सातारा जिल्ह्यांत जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं पिकाचा अंदाज याच शास्त्रानें बांधण्याची पद्धति घालून दिली. आमच्या आगरांतल्या कुळागराची गोष्ट नाहीं. पण भातशेतींतला पीक-कापणीचा प्रयोग खेड्यांत सर्वांनीं पाहिला आहे. कोणता तुकडा कापावयाचा हें आंकडा ठरवितो. शेतकऱ्यानें 'साहेब, तो बांधाकडचा घ्या, छान आला आहे' म्हणून उपयोग नाहीं.

"आणि अण्णा," पुतण्या म्हणाला, "तुमच्या वहींत एकशेंचारांपैकीं बायका किती?" वही आणून मोजलें. तीन निघाल्या, पैकीं एक निवृत्त मुख्याध्यापिका.

आमचें कुटुंब आमटी वाढीत होतें. पळी तशीच हातांत धरून तिनें पुतण्यास विचारलें, "म्हणजे ती मुलगी मला विचारायला आली होती?"

"हो, काकू."

"मग यांनीं काय सांगितलें?"

काय सांगितलें तें आम्हीं सांगितलें. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "पण माझें मत तेंच आहे, हें तुम्हांला कसें ठाऊक?" आमची भावजय पदराआड हंसली, सूनबाईंनीं ताटांत पाहिलें, आणि बंधूंनीं ताक मागितलें.

वाचकहो, अडतीस वर्षांच्या संसारांत हा प्रश्न आम्हीं तिला एकदांही विचारला नव्हता. निवडणूक आली कीं ओटीवर आम्ही दोघे भाऊ चर्चा करीत असूं, आंतून चहा येत असे, आणि मतदानाच्या दिवशीं सगळे एका रांगेनें शाळेकडे जात असूं. त्यावरून सात मतें एक, हें आम्हीं गृहीत धरलें होतें. त्या रात्रीं आम्हीं म्हटलें, "बरें, आतां विचारतों." त्यावर ती म्हणाली, "आतां कशाला? तें पेटींत टाकायचें असतें ना?" पेट्या जाऊन यंत्रें आल्यास वीस वर्षें होऊन गेलीं, ही दुरुस्ती सुचविण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

झोंप लागेना, तेव्हां सन १९८४ आठवलें. नुकतेच मास्तर झालेले आम्ही लोकसभेच्या मतदानासाठीं राजापूर तालुक्यांतील एका खेड्यांत नेमले गेलों होतों. त्या खेपेस देशभर काँग्रेसची लाट होती, तरी आमच्या राजापूर मतदारसंघानें प्रा. मधु दंडवते यांसच निवडून दिलें; म्हणजे येथल्या माणसाचें मन दिल्लीहून ओळखणें तेव्हांही सोपें नव्हतें. दुपारीं एक गृहस्थ पत्नीच्या मागोमाग पुठ्ठ्याच्या आडोशाकडे निघाले. 'तिला कळत नाहीं, मी दाखवितों,' असें त्यांचें म्हणणें. आम्हीं त्यांस अडविलें व गुप्त मतदान म्हणजे काय, यावर सर्वांदेखत चांगलें पांच मिनिटें व्याख्यान दिलें. ती बाई बराच वेळ आंत होती. बाहेर आली तेव्हां घडी केलेली मतपत्रिका तिनें स्वतः पेटींत टाकली व नवऱ्याकडे न पाहतां चालूं लागली. पुढें कित्येक वर्षें ही गोष्ट आम्ही वर्गांत नागरिकशास्त्राच्या तासास अभिमानानें सांगत असूं. ऑक्टोबरांतल्या त्या रात्रीं तें व्याख्यान आम्हांस शब्दशः आठवलें.

दुसऱ्या दिवशीं चिठ्ठीवरच्या क्रमांकास दूरध्वनि केला. कोणी तरुण बोलला. आमच्या घरची एक नोंद चुकीची झाली आहे, ज्यांचें नांव होतें त्यांस विचारलेंच नाहीं, असें सांगितलें. तो नम्रपणें म्हणाला, "काका, कालचीं उत्तरें रात्रींच वर गेलीं. आतां काढतां येत नाहींत. आणि एकानें काय होणार?" एकानें कांहीं होत नाहीं हें खरें, परंतु जिल्ह्यांत अशा ओट्या किती आणि त्यांवर आमच्यासारखे झोपाळ्यावर बसलेले किती, हें त्या बिचाऱ्यास कोठून ठाऊक असणार?

२३ नोव्हेंबरला निकाल लागले. जूनमध्यें महाराष्ट्राच्या ४८ पैकीं ३० जागा महाविकास आघाडीनें व १७ महायुतीनें जिंकल्या होत्या. पण मतांच्या बेरजेंत दोघांत एका टक्क्याचेंही अंतर नव्हतें. साडेपांच महिन्यांनीं विधानसभेच्या २८८ पैकीं २३० हून अधिक जागा महायुतीस मिळाल्या. बहुतेक मतदानोत्तर कौलांनीं महायुतीच पुढें दाखविली होती हें खरें, परंतु एवढा आंकडा आमच्या पाहण्यांतल्या एकाही कौलांत नव्हता. मग सगळे कारणें सांगूं लागले, आणि त्यांत मुख्य निघालें तें जुलैपासून स्त्रियांस सुरू झालेल्या दरमहा पंधराशें रुपयांचें. आमच्या घरीं भांडीं घांसावयास येणाऱ्या बाईंच्या खात्यांत ते पैसे येत होते. आम्ही रोज त्यांच्यादेखत ओटीवर राजकारण बोलत होतों, आणि त्यांस एका शब्दानें विचारलें नव्हतें. त्यांनीं कोणास मत दिलें तें आजही आम्हांस ठाऊक नाहीं. आतां विचारणें शोभणारही नाहीं.

मतदानाचा दिवस मात्र सांगावयाचा राहिला. २० नोव्हेंबरला सकाळीं आठ वाजतां आम्ही सातही जण शाळेंत गेलों. पुरुषांची रांग लौकर सरकली. आम्ही मत देऊन आंब्याखालीं उभे राहिलों. सूनबाई आल्या, भावजय आली. आमचें कुटुंब येईना. आंत कांहीं घोटाळा झाला कीं काय, म्हणून एकदां दारापर्यंत जाऊनही आलों. अखेर ती आली, डाव्या तर्जनीवरची शाई वाळावी म्हणून हात जरा दूर धरून.

"उशीर झाला?" आम्हीं विचारलें.

"चष्मा पिशवींत होता, सांपडायला वेळ लागला," ती म्हणाली.

परत येतांना वाटेंत थांबून तिनें दोन नारळ घेतले, कानाशीं वाजवून पाहिले, त्यांतला एक बदलून घेतला, आणि पिशवी आमच्या हातीं दिली.